पुस्तकात असं नव्हतं!

आज पिकाचं, कर्जाचं, आजारपणाचं काही बोलायचं नाही. आज बोलायचं आहे जादूच्या गोष्टींबद्दल. जादूगार, अजगर, चेटकिणी, चालणारी झाडं अशा गोष्टींची जाडजूड पुस्तकं असतात. लोक त्यांच्यावर जीव टाकतात, पाच-पाच वेळा वाचतात. मग कुणीतरी त्यावर सिनेमा काढतं. आणि ज्यांनी पुस्तक जिवापाड जपलं तीच माणसं सिनेमा बघून बाहेर येताना कुरकुरतात, "पुस्तकात असं नव्हतं!" गंमत म्हणजे पुढचा भाग आला की पहिल्या दिवशी तिकिटाच्या रांगेत पुन्हा तीच उभी असतात. राग पण आणि ओढ पण. हे असं का होतं, आणि त्या रागात काही तथ्य असतं का, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? मग 'चंद्रकांता' आठवा. १९९४ साली दूरदर्शनवर लागायला लागली ती मालिका. ज्या घरात टीव्ही होता त्या घराच्या ओसरीपर्यंत माणसं बसायची. दाट भुवयांचा क्रूरसिंह "यक्कू" म्हणाला की पोरं आठवडाभर तेच म्हणत फिरायची. ही मालिका ज्या पुस्तकावरून काढली, ते देवकीनंदन खत्री यांनी १८८८ मध्ये हिंदीत लिहिलं होतं. सोप्या, बोलत्या भाषेत. हे पुस्तक वाचता यावं म्हणून कितीतरी लोक हिंदी अक्षरं शिकले, असं आजही सांगतात. त्या पुस्तकातले ऐयार म्हणजे वेष पालटणारे हुशार हेर. त्यांच्या झोळीत बेशुद्ध करायची पूड असायची, शुद्धीवर आणायचं औषध असायचं. तिलिस्म म्हणजे मंतरलेली जागा खरी, पण तिच्यात कळा, खटके, भुयारं, गुप्त दारं. शेवटी बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो, की हे कारागिराचं डोकं होतं. मालिकेनं यात स्वतःची खूप भर घातली, आणि पुढे पुढे तर ती पुस्तकापासून फारच लांब गेली. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं त्यांना काही फरक पडला नाही, त्यांना मजा आली. ज्यांनी वाचलेलं होतं ते चिडले. आणि चिडून बघत राहिले.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. पुस्तक आपल्याला फक्त रांगोळीचे ठिपके देतं. रेघा आपण जोडतो, रंग आपण भरतो. लेखकानं लिहिलं, "एक म्हातारा जादूगार दारात उभा होता", की तुमच्या मनात एक म्हातारा उभा राहतो, माझ्या मनात दुसरा. तुमचा कदाचित तुमच्या आजोबांसारखा असेल. सिनेमावाला मात्र रांगोळी पुरी काढून, रंग भरून समोर ठेवतो. एका नटाचा चेहरा, एकच आवाज, एकच घर. आणि डोळ्यांनी पाहिलेलं इतकं जोरकस असतं की आपला मनातला म्हातारा हळूहळू पुसला जातो. नंतर कितीही आठवा, तो नटच आठवतो. वाचणाऱ्याला हेच पहिलं दुखतं. आपलं काहीतरी गेलं असं वाटतं, आणि ते कुठे गेलं हे कुणाला दाखवताही येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जे. आर. आर. टॉल्किन नावाचे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. त्यांचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे पुस्तक १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत आलं. हजाराच्या वर पानं. त्यावर पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकानं २००१, २००२ आणि २००३ साली तीन सिनेमे काढले. प्रत्येक तीन तासांच्या आसपास, शेवटचा तर त्याहून मोठा. शेवटच्याला ११ ऑस्कर मिळाले. हिंदीत बोलती करून हे सिनेमे आपल्याकडेही आले. नऊ-दहा तास म्हणजे काही कमी नाही. तरी हजार पानं त्यात मावत नाहीत. कुठेतरी कात्री लागणारच, यावर कुणाचंच दुमत नाही. भांडण आहे ते कात्री कुठे लावली यावर. माझ्या मते खरा विचार करण्यासारखा मुद्दा इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

गोष्ट थोडक्यात अशी. हॉबिट नावाची बुटकी माणसं आहेत. शेती, बाग, खाणंपिणं यात रमणारी. त्यांच्या मुलखाचं नाव शायर. तिथल्या फ्रोडो नावाच्या हॉबिटकडे एक अंगठी येते. ती अंगठी म्हणजे सत्तेची हाव. ज्याच्या हाती पडेल त्याला ती आतून कुरतडते. ती दूर एका ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची असते. फ्रोडो आणि त्याच्या घरचा माळी सॅम, दोघं चालत निघतात. पुढे लढाया, राजे, राक्षस, सगळं आहे. अंगठी नष्ट होते, नवा राजा गादीवर बसतो, आणि सिनेमात हे हॉबिट घरी परततात तेव्हा गाव जसंच्या तसं हिरवंगार असतं.

पुस्तकात असं नव्हतं!

पुस्तकात ते परततात तेव्हा वेशीवर फाटक लावलेलं असतं आणि भिंतीवर नियमांच्या याद्या. हे करायचं नाही, ते करायचं नाही. धान्य मोजून नेणारे लोक घरोघर येतात, सर्वांना सारखं वाटू म्हणतात आणि वाटणीत घरच्यांना काही येत नाही. रस्त्याकडेची झाडं तोडलेली, तीही काही कामासाठी नाही, तोडून तशीच टाकलेली. जुनी पाणचक्की पाडून मोठी गिरणी उभी केलेली, ती ओढ्यात घाण सोडते. सॅमच्या म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढलेलं. म्हणजे जग वाचवायला गेलेली माणसं परत आली तर त्यांचं स्वतःचंच गाव हातातून चाललेलं. मग राजा नाही, जादूगार नाही, गावातलेच शेतकरी एकत्र येतात आणि त्या गुंडांना हाकलून लावतात. पुढची गोष्ट मला फार आवडते. सॅमला प्रवासात एका राणीनं भेट म्हणून तिच्या बागेतली मूठभर माती दिलेली असते, एका डबीत. सॅम ती स्वतःच्या बागेत नाही टाकत. जिथे जिथे झाड तोडलं गेलं तिथे तिथे रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्यातला एक-एक कण टाकतो. गावभर फिरून.

टॉल्किन लहानपणी बर्मिंगहॅम शहराजवळच्या सेअरहोल नावाच्या खेड्यात राहत होते. तिथे पाणचक्की होती, ओढा होता. ते खेडं शहरानं गिळताना त्यांनी पाहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते होते. लढाईहून परतणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून हा भाग पुस्तकाच्या शेवटी आहे, शेपूट म्हणून नाही.

याच भागात एक बाई आहे, लोबेलिया तिचं नाव. पुस्तकभर ती कुणालाच आवडत नाही. फ्रोडोच्या घरावर तिचा डोळा. चांदीचे चमचे लांबवले असा तिच्यावर वहीम. तिचाच मुलगा गावातल्या जमिनी विकत घेत सुटतो आणि गुंडांना आसरा देतो. पण एक दिवस ते गुंड तिच्या दारातल्या रस्त्यानं गाडी घेऊन येतात तेव्हा ही म्हातारी हातातली छत्री उगारून त्यांच्या अंगावर धावून जाते. तिला तुरुंगात टाकतात. सगळं मिटल्यावर ती काठीसारखी वाळून, छत्रीच्याच आधारानं बाहेर येते, आणि जन्मभर जिला कुणी चांगलं म्हटलं नाही तिच्यासाठी गाव टाळ्या वाजवतं. तिला रडू कोसळतं. मुलगा मारला गेला हे तिला कळतं. घर ती फ्रोडोला परत देते, आणि मरताना उरलेला पैसा बेघर झालेल्यांसाठी ठेवून जाते.

अशी बाई तुमच्या गावात आहे की नाही? माझ्या तर ओळखीच्या दोन आहेत.

सिनेमात हा सगळा भाग नाही. जॅक्सनचं म्हणणं समजण्यासारखं आहे. अंगठी नष्ट झाली की बघणाऱ्याचा श्वास सुटतो, त्यानंतर आणखी एक लढाई कोण बघणार? एवढं गाळूनही लोक म्हणालेच की सिनेमाचा शेवट संपता संपत नाही. सिनेमा म्हणून तो बरोबर असेल. पण त्यानं गोष्टीचा अर्थ बदलला. सिनेमा सांगतो की लढाई दूर कुठेतरी असते, ती जिंकली की घर सुखरूप. पुस्तक सांगतं की लढाई तुमच्या ओढ्यावर आणि तुमच्या धान्याच्या कणगीपाशीही येते.

आता न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. याच सिनेमांवर पुस्तकवेडे लोक जीवही टाकतात. कारण जॅक्सननं एक शहाणपणा केला. ॲलन ली आणि जॉन हाऊ हे दोघे चित्रकार वर्षानुवर्षं या पुस्तकांची चित्रं काढत होते. त्यांनाच बोलावून घरं, किल्ले, हत्यारं त्यांच्याकडून रेखाटून घेतली. त्यामुळे पडद्यावर शायर दिसलं तेव्हा कितीतरी वाचकांना वाटलं, अरे, हे तर आपण पाहिलेलं आहे! टेकडीच्या पोटात गोल दारांची घरं, दारापुढे भाजीचे वाफे. माणसं थिएटरात रडली. म्हणजे एकाच सिनेमात, एकाच माणसाला, मनातलं घर सापडलंही आणि हरवलंही.

बायकांच्या भूमिकांवरून तर वाचकांत, आणि वाचक बायकांतही, दोन तट पडले. टॉल्किनच्या पुस्तकात बायका कमीच. जखमी फ्रोडोला शत्रूंपासून वाचवून नेण्याच्या प्रसंगात पुस्तकात एक पुरुष सरदार येतो. सिनेमात त्याच्या जागी आर्वेन ही राजकन्या घोड्यावर येते. दुसऱ्या भागात तिला थेट लढाईत उतरवायचं ठरलं होतं, चित्रणही झालं होतं. बातमी फुटली, वाचक खवळले, आणि शेवटी ते सिनेमात ठेवलं नाही. नंतर टॉल्किनच्याच 'हॉबिट' या मुलांच्या छोट्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक सिनेमे काढले, त्यात टॉरियल नावाची धनुर्धारी मुलगी नव्यानं घातली. पुस्तकात ती नाहीच. कुणी म्हणालं, बरं झालं, आमच्या मुलींना बघायला कुणीतरी मिळालं. कुणी म्हणालं, गोष्टीत नसलेली बाई चिकटवून उपकार नकोत. मला दोन्ही पटतं. फक्त एक खटकतं. बाई दाखवायची म्हटली की हातात तलवार किंवा धनुष्य द्यायचं सुचतं, आणि जी म्हातारी छत्री घेऊन धावली ती मात्र गाळली जाते.

असंच 'हॅरी पॉटर'चं. जे. के. रोलिंग बाईंची सात पुस्तकं १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आली, सिनेमे आठ, २००१ ते २०११. पुस्तकं मराठीतही आहेत, तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. वाचक बारीकसारीक गोष्टींवरून भांडतात. चौथ्या पुस्तकात म्हातारे हेडमास्तर हॅरीला एक प्रश्न शांतपणे विचारतात असं लिहिलंय, सिनेमात ते धावत येऊन त्याला धरून ओरडतात. यावर लोक अजून हसतात. पण याच चौथ्या पुस्तकातून एक मोठी गोष्ट गाळली, तिच्यावर मात्र हसू येत नाही. जादूच्या शाळेत रोज ताटं भरून जेवण आपोआप येतं. हर्मायनी या हुशार मुलीला कळतं की ते आपोआप येत नाही. तळघरातल्या स्वयंपाकघरात शंभरावर बुटके राबतात. त्यांना एल्फ म्हणतात. त्यांना पगार नाही, सुट्टी नाही, आणि काम केलेलं कुणाला दिसता कामा नये हीच त्यांची शाबासकी. हर्मायनी त्यांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले वाटते. मित्र हसतात. एल्फसुद्धा तिच्यावर चिडतात, कारण राबणं हाच आपला मान अशी त्यांची समजूत. डॉबी नावाचा एकटाच पगार मागतो. हेडमास्तर त्याला आठवड्याला दहा सोन्याची नाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात, तर हा घासाघीस करून एक नाणं आणि महिन्याला एक सुट्टी एवढ्यावर आणतो! वाचताना हसू येतं आणि मग घशात अडकतं. २००५ च्या सिनेमात हे काही नाही. अजगर आहे, पाण्याखालची शर्यत आहे, नाचगाणं आहे. स्वयंपाकघर नाही.

हे असं का? कारण मोठा सिनेमा म्हणजे फार मोठा पैसा. तो परत मिळवायचा तर जगभरच्या सगळ्यांना आवडला पाहिजे, निदान कुणालाच खटकता कामा नये. मग जे पटकन दिसतं ते राहतं, धावाधाव, लढाई, प्रेम. जे हळू उमगतं ते जातं. टॉल्किनना हे आधीच माहीत होतं. १९५८ साली एका अमेरिकन कंपनीचा पटकथेचा आराखडा त्यांच्याकडे आला. तो त्यांनी ओळ न ओळ तपासून खरमरीत पत्र लिहिलं. उगाच लढाया वाढवल्यात, येता-जाता गरुडावर बसवून माणसं नेलीत. एका सरदाराचं नावही चुकीचं लिहिलेलं, तेही प्रत्येक वेळी. तो सिनेमा झालाच नाही. सिनेमावाल्यांशी व्यवहार करताना त्यांचं धोरण सरळ होतं. एक तर भरपूर पैसा द्या, नाहीतर शेवटचा शब्द माझा ठेवा. १९६९ मध्ये त्यांनी हक्क विकले. आणि हक्क विकणं म्हणजे शेत विकण्यासारखंच. नव्या मालकानं तिथे काय पेरायचं हे तुम्ही सांगू शकत नाही. जॅक्सनचे सिनेमे आले तेव्हा टॉल्किन हयात नव्हते. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर, ज्यानं बापाची हस्तलिखितं जुळवण्यात आयुष्य घातलं, तो म्हणाला की यांनी पुस्तकाचं आतडं काढून तरुण पोरांसाठी मारामारीचा सिनेमा केला.

शेवटचा शब्द कागदावर असूनही काय होतं, ते पी. एल. ट्रॅव्हर्स या बाईंचं बघा. जन्म ऑस्ट्रेलियातला. १९३४ मध्ये त्यांनी 'मेरी पॉपिन्स' लिहिलं. वाऱ्यावर उडत येणारी, मुलं सांभाळणारी एक बाई. पण गोड नाही हं, कडक, तोऱ्याची, कशाचंही स्पष्टीकरण न देणारी. वॉल्ट डिस्ने यांनी सुमारे वीस वर्षं पाठपुरावा करून त्यांच्याकडून परवानगी मिळवली. पटकथेला बाईंची मंजुरी लागेल असंही ठरलं. १९६४ मध्ये सिनेमा आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि पहिल्या खेळाला बाई रडल्या. त्यांची कडक मेरी तिथे गोड, गाणारी झाली होती, आणि मध्येच कार्टूनची चित्रं नाचत होती. ती काढा म्हणाल्या, पण तेव्हा कुणी ऐकलं नाही. पैसा मात्र त्या सिनेमानं त्यांना चांगला दिला, हेही खरं. पुढे कितीतरी वर्षांनी नाटकाची परवानगी देताना त्यांनी अट घातली, त्या सिनेमातला कुणीही नको. आणि यावर कडी म्हणजे २०१३ मध्ये डिस्ने कंपनीनं याच भांडणावर एक सिनेमा काढला, त्यात बाई शेवटी विरघळतात. सांगायला त्या उरल्या नव्हत्या.

आता जी गोष्ट मला आज सर्वांत जास्त सांगायची आहे ती. अमेरिकेत अर्सुला ले ग्विन नावाच्या लेखिका होत्या, १९२९ ते २०१८. त्यांनी १९६८ साली 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' लिहिलं. शेकडो बेटांचं जग, आणि त्यात शेळ्या राखणारा एक पोरगा मोठा जादूगार होतो. त्याचं नाव गेड. या गेडचा रंग तांबूस-तपकिरी आहे. त्याचा जिवलग मित्र काळा आहे. त्या जगातली बहुतेक माणसं अशीच सावळी, तांबूस, काळी. गोरे लोक आहेत, पण थोडे, एका कोपऱ्यात. बाईंनी हे मुद्दाम केलं होतं. जादूच्या गोष्टीतला नायक दरवेळी गोराच का, जगात तर सावळी माणसं जास्त आहेत, असा त्यांचा साधा सवाल. तो त्यांनी कुठे भाषण देऊन मांडला नाही. वाचणारा गेडच्या प्रेमात पडतो आणि मग चार पानांनी त्याला कळतं की हा गोरा नाही. तरी वर्षानुवर्षं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोराच पोरगा छापत राहिले. बाई भांडत राहिल्या.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीनं त्यावर मालिका केली. गेड गोरा. आजूबाजूची बहुतेक माणसं गोरी. बाईंचं नाव सल्लागार म्हणून होतं, पण सल्ला कुणी विचारला नाही. त्यांनी उघडपणे लेख लिहून निषेध केला. त्यांना पत्रं येत असत ती सावळ्या, काळ्या वाचकांची. लहानपणी वाचलेल्या जादूच्या पुस्तकांत आम्ही कुठेच नव्हतो, तुमच्यात सापडलो, असं ती माणसं सांगत. म्हणजे इथे वाचकाची तक्रार "माझ्या मनातला चेहरा गेला" एवढीच नव्हती. तिथे खरोखर त्यांचा चेहरा होता आणि तो पुसला गेला.

लग्नाच्या बाजारात रंग विचारला जातो त्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. आपल्या मालिकांतल्या मुली कोणत्या रंगाच्या असतात, आणि गोष्टीत सावळी म्हटलेली मुलगीही पडद्यावर कशी दिसते, एकदा मोजून बघा.

याच अर्थसीवर २००६ मध्ये जपानमधल्या जिब्ली स्टुडिओनं चित्रांचा सिनेमा केला. दिग्दर्शक गोरो मियाझाकी. त्याच्या वडिलांनी, हायाओ मियाझाकींनी, खूप आधी परवानगी मागितली होती, तेव्हा बाईंना त्यांचं काम माहीत नव्हतं म्हणून नकार दिला. नंतर त्यांचे सिनेमे पाहिले आणि फार आवडले, म्हणून होकार दिला. पण सिनेमा केला मुलानं. तो बाईंना दाखवला. कसा वाटला असं गोरोनं विचारल्यावर बाईंचं उत्तर थोडक्यात असं होतं, की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा सिनेमा आहे, आणि सिनेमा चांगला आहे. एखाद्या सुनेनं आपल्या पद्धतीची आमटी केली तर मोठ्या मनाची सासू जसं म्हणेल, तसं. पण पुढे त्यांनी आपलं खरं मतही लिहून टाकलं. चित्रं सुंदर आहेत, शेतातली कामं दाखवली ती छान आहेत, पण माझ्या गोष्टीतलं वाईट हे माणसाच्या आत असतं, स्वतःच्या भीतीत असतं. तुम्ही ते एका दुष्ट जादूगारात कोंबलं आणि त्याला मारून टाकलं की झालं.

त्या सिनेमात शेतावरची टेनार नावाची बाई आहे आणि तिनं सांभाळलेली, चेहरा भाजलेली एक मुलगी. ही दोघं बाईंच्या १९९० च्या 'टेहानू' या पुस्तकातली. तिथे टेनार ही शेतकऱ्याची विधवा. ज्या पोरीला तिच्याच माणसांनी छळून आगीत टाकलं होतं, तिला ती वाढवते. मोठा जादूगार गेडही त्यात आहे, पण त्याची जादू संपलेली, तो शेळ्या राखतो. टेनारचा तरणा मुलगा समुद्रावरून घरी येतो, आयतं जेवतो आणि आपलं ताटही उचलत नाही. ते बायकांचं काम, म्हणतो. टेनारला वाटतं, आपण याला वाढवताना कुठेतरी कमी पडलो. जादूच्या पुस्तकात खरकट्या भांड्यांवरून इतकं महत्त्वाचं काही घडतं हे मला तरी दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. सिनेमात ते आलेलं नाही.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. लहानपणी आजीकडून ऐकलेली आणि नंतर पडद्यावर पाहिलेली एखादी गोष्ट घ्या, देवाची नको, राक्षसाची किंवा भुताची घ्या. आजीच्या गोष्टीतलं काय पडद्यावर आलंच नाही, ते प्रत्येकीनं आठवून सांगा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी बाकीच्यांचं लिहून घ्या आणि केंद्रावर पाठवा किंवा फोनवर सांगा. आलेलं आपण कार्यक्रमात वाचून दाखवू.